पाण्याबरोबर चालणारा माणूस

"मॅडम, तुमच्या मोबाईलात माझी पाळी झाली म्हून दाखवतंय. हिरवी टिकली लागलीय. आन् माझ्या वाफ्यात तर पानीच न्हाई."

सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी नगरला, सावेडीतल्या घरी, नुकतीच लॅपटॉप उघडून बसले होते. फोनवर लताबाई होत्या. पुणतांब्याच्या अलीकडे एका गावात त्यांची दोन एकर जमीन आहे. कालव्याच्या चारीच्या अगदी शेवटच्या टोकाला.

"नेट स्लो असेल," मी म्हणाले. "एकदा बंद करून परत उघडा बरं."

"काय बंद करू? मोबाईल का पाट?"

मी लॅपटॉपवर त्यांची पाळी शोधायला लागले. तिकडून त्याच म्हणाल्या, "पानी आलं हुतं. माझ्या बांधापस्तोर आलं. तवर माझ्या वरच्या रानातल्या गोरखनं त्याचं दार उघडलं. म्हनला, माझे दहा वाजले. आता सांगा, मी काय करू?"

ही सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सॉफ्टवेअर कन्सल्टंट आहे. लोकांचं काम कसं चालतं ते समजून घ्यायचं आणि त्यातला किचकट भाग कॉम्प्युटरवर सोपवायचा, असा हा धंदा आहे. पुण्यात एका कंपनीत मी सतरा वर्षं नोकरी केली. मग ती सोडून नगरला परत आले आणि स्वतःची कामं घ्यायला लागले. पुण्यात याला फ्रीलान्सिंग म्हणतात. आमच्या नात्यागोत्यात 'सध्या घरीच असते' असं म्हणतात.

लताबाईंच्या गावची पाणीवापर संस्था हा माझा स्वतंत्रपणे मिळवलेला पहिला क्लायंट. संस्थेचं काम साधं होतं. कालव्याला ठरावीक दिवसांनी पाणी सुटतं, त्याला आवर्तन म्हणतात. कालव्यातून गावाच्या शिवारात एक चारी येते, तिच्या तोंडाशी गेट. चारी म्हणजे तीनेक किलोमीटरचा मातीचा लहान पाट. तिच्यावर पंचवीस शेतकरी. पाणी एका वेळी एकालाच घ्यायचं, क्षेत्राच्या हिशोबानं ठरलेले तास. ही त्याची पाळी. पहिली पाळी सगळ्यात शेवटच्या माणसाची, म्हणजे टेलची. मग एकेक करत वर सरकायचं आणि शेवटी गेटाजवळच्याचा नंबर. उलटं केलं तर टेलला पाणी कधीच पोचत नाही. वरचा माणूस देवमाणूस असला तरी.

हे सगळं बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. आमचे पाटकरी निवृत्ती नाना. साठी ओलांडलेले, उंच, धोतर, खांद्यावर फावडं. पंचवीस जणांचं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात. कुणाची पाळी कधी, हे विचारायला लोक त्यांच्या घरी जात, नाहीतर त्यांना शिवारात शोधत. ते सापडले नाहीत की भांडणं. संस्थेच्या चेअरमनना, भाऊसाहेबांना, ही कटकट नको होती.

मी ॲप केलं. नानांनी गेट उघडलं की मोबाईलवर एक बटण दाबायचं, 'पाणी सोडले'. त्या क्षणापासून पंचवीस जणांच्या वेळा आपोआप लागणार. प्रत्येकाला त्याच्या मोबाईलवर दिसणार, अमुक वाजता तुमची पाळी सुरू, अमुक वाजता संपली. मिनिटासकट. ऑफिसात पडदा लावून मी हे सगळ्यांना दाखवलं होतं. त्यात एक ओळ मी मुद्दाम मोठ्या अक्षरात टाकली होती. 'पाटकऱ्याची पायपीट वाचेल.' त्या ओळीला टाळ्या पडल्या होत्या. नाना मागे दाराशी बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या की नाही, हे मी पाहिलं नाही.

आज आवर्तनाचा पहिला दिवस होता. म्हणजे माझ्या ॲपचाही पहिला दिवस.

मी गाडी काढली. राहुरीच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा तास अडकले. तेवढ्यात चेअरमनचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही कशाला धावपळ करता? ॲप एकदम ओके चाललंय. गोरखला टायमात पाणी मिळालं."

"आणि लताबाईंना?"

"त्याचं बघू. पुढच्या आवर्तनात देऊ त्यांना जास्तीचं."

"पुढचं आवर्तन कधी?"

"महिना-सव्वा महिना धरा."

मी शहरात राहत असले तरी वडील शेतकरी होते. लताबाईंच्या शेतात काय आहे, हे मला माहीत होतं. कांद्याचे डेंगळे. कांदा पुन्हा जमिनीत लावला की त्याला उंच दांडे येतात, दांड्यावर पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो आणि गोंड्यात बी धरतं. ते गोंडे तेव्हा भरात होते. बी भरायच्या वेळेला पाणी तुटलं की नुसता भुसा हाती येतो. विहिरीचं पाणी देता आलं असतं, पण त्या टोकाला विहिरी मचूळ आहेत. ते पाणी डेंगळ्याला चालत नाही. लताबाईंच्या वर्षभराच्या मेहनतीचा सवाल होता, आणि पिकाला सव्वा महिना थांबायला वेळ नव्हता.

बारा वाजता मी संस्थेच्या ऑफिसात पोचले. ऑफिस म्हणजे मारुतीच्या देवळाशेजारची एक खोली. आत भाऊसाहेब, गोरख आणि आणखी दहा-बारा जण होते. लताबाई उभ्याच होत्या, पायाला चिखल लागलेल्या. नाना नेहमीच्या जागी, दाराशी.

"नाना, गेट किती वाजता उघडलं?" मी विचारलं.

"पाचला."

"बटण दाबलं?"

"दाबलं की. तुमी सांगितलं तसं दाबलं न् घरी गेलो."

"लताबाईंच्या बांधाला पाणी कधी लागलं?"

"पावनेधाला," लताबाईच म्हणाल्या.

पाच ते पावणेदहा. ॲपनं लताबाईंची पाळी पाच ते दहा लावली होती. पाच तासांतले पावणेपाच तास पाणी वाटेतच होतं. माझ्या डिझाइनमध्ये पाणी गेटातून निघतं आणि त्याच क्षणी तीन किलोमीटरवर पोचतं. विजेसारखं. बटण दाबलं की बल्ब लागतो, तसं.

"नाना," मी म्हणाले, "आधी तुम्ही कसं करायचात?"

"आधी? पानी बांधाला लागलं का मंग मी घड्याळ बघायचो. तितून पाळी धरायची."

"मग हे मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंच न्हाई."

"मी विचारलं होतं. टेलकडून सुरू करायचं ना, असं विचारलं होतं."

"त्याला म्या व्हय म्हनलं. त्ये खरंच हाय. पर पानी सुटायचं येगळं न् पाळी लागायची येगळं. त्ये तुमी कुटं इचारलं?"

मी सतरा वर्षं लोकांना प्रश्न विचारायचा पगार घेतला होता. ज्या माणसाचं हे सगळं काम, त्याला मी एक प्रश्न विचारला होता, आणि तोही उत्तर आधीच ठरवून. बाकीच्या तिन्ही मीटिंगा मी चेअरमन आणि नकाशा यांच्याबरोबर केल्या होत्या.

लताबाई गोरखकडे वळल्या. "तू बघितलं हुतं पानी आत्ताच आलंय म्हून. तरी दार उघडलंस."

"काकी, माझ्या मोबाईलात दहा म्हंजी दहा. मी घरची चार मान्सं रानात उभी केलीत."

"मोबाईल नव्हता तवा कसं चालायचं रं?"

"तवा नाना सांगायचं, थांब जरा. आता नाना कुटं हायेत? आता मोबाईल हाय."

तेव्हा मला खरी अडचण कळली. चुकीची वेळ मी दुरुस्त करू शकत होते. पण पूर्वी नानांच्या डोक्यातली वेळ सैल असायची. कुणाचं पाणी उशिरा पोचलं की नाना पुढच्याला 'थांब जरा' म्हणायचे आणि तो थांबायचा. आता प्रत्येकाच्या हातात मिनिटासकट लेखी वचन होतं. लताबाईंना आज त्यांचे गेलेले तास द्यायचे तर पुढच्या चोवीस जणांचं वचन मोडायचं. कुणी चारा सोंगायचा थांबवला होता, कुणी मजूर सांगितले होते. मी सगळ्यांना अचूकपणा दिला होता, आणि त्या अचूकपणानं गावाची पुढंमागं सरकायची जागाच बुजवून टाकली होती.

भाऊसाहेबांनी मला बाहेर बोलावलं. देवळाच्या पारावर आम्ही उभे राहिलो.

"मॅडम, असं करू. नेटवर्क गेलं होतं म्हणून सांगू. टॉवरचा प्रॉब्लेम. म्हणजे तुमच्यावर बी नाही, माझ्यावर बी नाही. शेवगावची माणसं पुढच्या आठवड्यात ॲप बघायला यायचीत. तुमच्याच कामाचं सांगतोय मी."

ते माझ्या भल्याचंच सांगत होते. शेवगावकडच्या एका संस्थेला असंच ॲप हवं होतं. कंपनीत असताना चूक झाली की ती 'टीम'ची असते. ईमेलमध्ये 'इश्यू आयडेंटिफाय झाला आहे' असं लिहिलं जातं, कुणी केला ते लिहिलं जात नाही. फ्रीलान्सरला टीम नसते. नाव गेलं की सगळंच गेलं. खरं सांगते, अर्धा मिनिट मी विचार केला.

मग मला वाटलं, टॉवरचा प्रॉब्लेम म्हटला तर उद्या टॉवर चालू असताना परत हेच होणार. आणि खोट्या कारणासाठी कुणी आपली पाळी सोडत नाही.

मी आत गेले. "चूक माझी आहे," मी म्हणाले. "पाणी पोचायला वेळ लागतो, हे मी धरलंच नाही. लताबाईंचे पाच तास ॲपनं खाल्ले. गोरखची चूक नाही, नानांची नाही. आता मला सांगा, लताबाईंना पाणी कसं द्यायचं?"

 मग मागून एकजण म्हणाला, "चूक मॅडमची, पाळी आमची? ह्ये बरंय."

"तसं न्हवं," दुसरा म्हणाला, "मॅडमनी नगरहून टँकर आनावा."

हशा झाला. लताबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हसा. दोन वर्सांमागं तुमी समदे माझ्याकडून बी नेत हुता. आवंदा भुसा न्या."

तेव्हा नाना उठले. आवाज न चढवता म्हणाले, "पाळी कुनीच सोडू नका. धा-धा मिन्टं सोडा."

"धा मिन्टांनी काय व्हतंय?" गोरख म्हणाला.

"चोवीस जन हायेत. म्याडम, हिशेब लावा."

मी लावला. चोवीस गुणिले दहा, दोनशे चाळीस मिनिटं. चार तास.

"पर नाना, माझी धा मिन्टं का म्हून जावीत?"

"तुजी धा मिन्टं जात्यातच की लेका! पाळी बदलताना एकजन दार मोडतो, दुसरा तवर बांधावर तंबाखू मळीत बसल्याला. पानी हिकडं न् मानूस तिकडं. वीस वरीस बघतोय मी. पुढच्यानं आपल्या दारावर फावडं घिऊन आधीच उभं ऱ्हायचं. मी परतेक दाराला येतो. कुनाचं थेंबभर कमी झालं तर माझ्याकडं या."

खोलीतला सूर बदलला. वाटाघाट अजून अर्धा तास चालली. एकानं विचारलं, चेअरमनची पण दहा मिनिटं जाणार का? भाऊसाहेब म्हणाले, "माझी वीस लिहा." लोकांनी ते लगेच मान्य केलं, आपली दहा मात्र अजून घोळवत राहिले. शेवटी गोरख उठला. "नाना येनार असतील तर माझं काय न्हाई. पर नाना आले पायजेत. नुसता मोबाईल न्हाई."

मी तिथंच टेबलावर लॅपटॉप उघडला आणि सगळ्यांच्या वेळा नव्यानं लावल्या. सहाव्या दिवशी सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना वरच्या टोकाची शेवटची पाळी संपणार होती. गेट दहाला बंद व्हायचं. मधले चार तास आणि वर दहा मिनिटं लताबाईंची.

"पण नाना," मी म्हणाले, "परत पावणेपाच तास वाटेत गेले तर?"

"आता न्हाई जानार. कोरडी चारी पानी पिती. एकदा भिजली का सोडून देती. आन् आज साफ कोनी केलं हुतं? पाचट आडलं हुतं तीन जागी. आदी मी पान्याबरोबर चालायचो. आता बटन दाबून घरी गेलो."

पाटकऱ्याची पायपीट वाचेल. माझ्याच मोठ्या अक्षरांतली ओळ.

सहाव्या दिवसासाठी मी आदल्या संध्याकाळीच श्रीरामपूरला मावसबहिणीकडे मुक्कामाला गेले. सकाळी पावणेसहाला गेटावर हजर. थंडी होती. नाना कानाला उपरणं बांधून उभे.

"तुमी कशापायी आल्या?"

"तुमच्याबरोबर चालायला."

"या बुटावर?"

गेटाजवळच्या भाऊसाहेबांचं दार बंद झालं आणि पाणी चारीतून खाली निघालं. पाण्याला तोंड असतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढची कड. ती सरळ धावत नाही. थांबते, फुगते, एखाद्या खड्ड्यात उतरते, तो भरला की परत निघते. तिच्यापुढे काडीकचरा, फेस, पळणाऱ्या मुंग्या. मागून दोन बगळे आमच्याइतक्याच सावकाश येत होते. नाना त्या कडेच्या दोन पावलं पुढे चालत होते. फावड्याच्या टोकानं पाचट बाजूला, बाभळीची फांदी बाहेर. चालताना बोलत होते, पण माझ्याशी कमी आणि चारीशी जास्त.

"हितं खेकड्यांनी पोखरलंय. बघा, बुडबुडं येत्यात. हितं दोन पाट्या माती टाकायची, दर टायमाला. त्या पुलाच्या नळीत बाटल्या आडकत्यात. ह्यो तुकडा काळ्या रानाचा, उनाळ्यात भेगा पडत्यात. पयल्या पान्याला हितंच अर्धा तास जातो."

मी वही काढून लिहायला लागले. तीन-चार जागा लिहून झाल्या आणि नाना थांबले.

"लिवू नका."

"का हो?"

"समदं लिवून नेलं का मंग नाना कशाला पायजे? त्या पडद्यावर तुमी दाखविलंच हुतं. पायपीट वाचली."

पाणी पुढे चाललं होतं. आम्ही दोघंही त्याच्या मागे पडायला लागलो, म्हणून चालत चालतच बोलावं लागलं. मी त्यांना पुण्याच्या कंपनीतली माझीच गोष्ट सांगितली. तिथं एका प्रोग्रॅमचा एक भाग फक्त मलाच कळायचा. मी तो कधी लिहून ठेवला नाही. मुद्दामच. मंदीत आसपासची माणसं गेली, मला कुणी हात लावला नाही. मी स्वतःला फार हुशार समजत होते. मग वडील हॉस्पिटलमध्ये असताना ऑफिसचा फोन आला. मी आयसीयूच्या बाहेर जमिनीवर बसून दोन तास लॅपटॉप चालवला. कारण दुसऱ्या कुणाला तो भाग येत नव्हता. आत वडील मला विचारत होते.

नानांनी फावड्यानं अडकलेलं पाचट बाहेर ओढलं. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "माझी धाकली लेक तिकडं राजूरला दिलीय. डोंगरात. तिच्या दोन्ही बाळंतपनाला मी गेलो न्हाई. आवर्तन हुतं."

"सांगणार दुसऱ्या कुणाला हे सगळं?"

"बगू."

पण पुढच्या पुलावर ते स्वतःच थांबले. "हितं लिवा. पानी हितं फुगलं तर भ्यायचं न्हाई. धा मिन्टं थांबायचं, आपसूक जातं. लोक घाबरून बांध फोडत्यात."

सात वाजून दहा मिनिटांनी पाणी लताबाईंच्या बांधाला लागलं. त्या फावडं घेऊन उभ्याच होत्या. पाणी पहिल्या वाफ्यात शिरलं. पांढऱ्या गोंड्यांवर एवढ्या सकाळीही मधमाश्या होत्या. लताबाईंनी दारं धरायला सुरुवात केली. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बंद करायचं, पुढच्याचं उघडायचं. आम्हा दोघांकडे बघायला त्यांना फुरसत नव्हती. दहाला गेट बंद झाल्यावरही चारीत उरलेलं पाणी जवळजवळ तासभर येत राहिलं. तेही नानांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. शेवटचे तीन वाफे त्यावरच भिजले.

पुढच्या आवर्तनाआधी मी ॲप बदललं. बदल अगदी थोडा होता. नानांचं 'पाणी सोडले' हे बटण ठेवलं, पण त्यानं घड्याळ सुरू होत नव्हतं. दुसरं बटण टेलच्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर दिलं, 'पाणी लागले'. लताबाईंनी ते दाबल्याशिवाय पंचवीस जणांपैकी कुणाचीही वेळ लागायची नाही. मिनिटं काढून टाकली. 'साधारण सकाळी दहा' असं दाखवायला लागले. कंपनीत मी असं डिझाइन नेलं असतं तर मला बाहेर बसवलं असतं. गावात एकाचीही तक्रार आली नाही.

आणि नानांनी त्या सकाळी लिहून घेऊ दिलेल्या अकरा जागा. त्या मी ॲपमध्ये घातल्या नाहीत. एका मोठ्या कागदावर चारीचं चित्र काढलं, त्यावर खेकड्यांपासून पुलापर्यंत सगळं लिहिलं, आणि नानांकडून तपासून घेतलं. त्यांनी दोन जागा दुरुस्त केल्या आणि एक नवीन सांगितली. कागद ऑफिसच्या भिंतीवर लावला. नानांच्या जागी कुणाला चालायचं असेल तर त्यानं मोबाईल नाही, तो कागद घेऊन निघायचं. गोरखनं सगळ्यात आधी त्याचा मोबाईलवर फोटो काढला.

पुढच्या वर्षी रब्बीच्या आवर्तनात मी भाऊसाहेबांना सहज फोन केला. सगळं ठीक ना, म्हणून.

"एकदम ठीक. गोरख चालला ह्या टायमाला पाण्याबरोबर."

"आणि नाना?"

"नाना राजूरला गेलेत. लेकीकडं. आठ दिवस झाले, यायचं नाव नाही."

त्यानंतर संस्थेला माझी गरज पडली नाही. फ्रीलान्सरसाठी ही काही चांगली बातमी नसते. शेवगावची माणसं आली, त्यांनी ॲप पाहिलं, आणि पहिल्या दिवशी काय झालं होतं तेही गावात चहा पिता पिता ऐकलं. त्यांनी काम दुसऱ्याला दिलं. पण लताबाईंच्याच गावातल्या कुणाच्या तरी मेहुण्यानं दोन वर्षांनी मला शोधून काढलं, 'चूक कबूल करणाऱ्या मॅडम' म्हणून. ओळख म्हणून फार शोभेची नाही, पण तिच्यावर मला आजवर पाच कामं मिळाली आहेत.

आता त्या चारीची बंदिस्त पाइपलाइन झाली आहे. पाणी जमिनीखालून जातं, व्हॉल्व्ह फिरवला की शेतात येतं. खेकडे नाहीत, पाचट नाही, भेगा नाहीत. पाण्याला आता तोंड दिसत नाही आणि त्याच्याबरोबर कुणी चालत नाही. माझं ॲपही कुणी वापरत नाही. नाना गेल्या वर्षी गेले. हे सगळं योग्यच आहे, पाणी वाचतं. पण जानेवारीत थंडी पडली की मला ती सकाळ आठवते. इतक्या वर्षांच्या कामात मी इतक्या सावकाश आणि इतकं नीट दुसऱ्या कुणाचं काम पाहिलेलं नाही.

लताबाईंचं बी त्या वर्षी आलं. शेजाऱ्यांपेक्षा कमी आलं. पाच दिवस कोरडे गेले होते, ते भरून निघाले नाहीत. मळणी झाल्यावर मी भेटायला गेले आणि थोडं समाधानानं म्हणाले, "चला, मिळालं ना शेवटी पाणी."

त्यांनी सुपातलं बी पाखडत माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, गेलं त्ये तुमच्यामुळं गेलं. आलं त्ये नानामुळं आलं. चहा घ्या."

मी चहा घेतला. हिशोब बरोबर होता.

तेव्हापासून नवीन काम घेताना मी साहेबांना पहिला प्रश्न एवढाच विचारते, या कामात रोज पायी कोण फिरतं? त्या माणसाबरोबर एक पूर्ण फेरी मारल्याशिवाय मी लॅपटॉप उघडत नाही. याला चार-पाच दिवस जास्त लागतात. क्लायंट कुरकुर करतात. मी त्यांना करू देते.